बॅकअपलाही कुलूप हवे

महोदय,
व्हॉट्सॲपचे संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाही ते वाचता येत नाहीत, म्हणून बहुतेक जण निर्धास्त असतात. पण गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणाऱ्या बॅकअपला, म्हणजे संदेशांच्या राखीव प्रतीला, ते संरक्षण आपोआप मिळतेच असे नाही. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप असे जाऊन ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ सुरू आहे का, ते बघावे. सोय २०२१ पासून आहे. ती पहिल्यापासून सगळ्यांना चालूच का दिली नाही, हे कोडेच! पासवर्ड किंवा ६४ अंक-अक्षरांची किल्ली निवडली, तर ती फोनबाहेर लिहून ठेवावी. फोन आणि किल्ली दोन्ही गेले, तर कंपनीलाही तो बॅकअप उघडता येत नाही. आणि समोरच्याने आपला बॅकअप उघडा ठेवला असेल, तर तुमचेही संदेश त्यात तसेच पडून राहतात.