दिवाळीच्या किल्ल्यातली थोडी वर्गणी खऱ्या किल्ल्याला द्या की

मा. संपादक साहेब,
स. न.

दिवाळी आली की बेळगावात गल्लोगल्ली किल्ले व्हायला लागतात, तुमच्या पेपरात फोटो पण येतात. आमच्या शहापुरात पोरं पंधरा दिवस आधीपासनं माती, पोती, दगड गोळा करत फिरतात, रात्री दोन-दोनपर्यंत बुरूज लिंपत बसतात आणि लोक बघायला आले की सातवीतलं पोरगं माईक घेऊन राजगडाची माहिती घडाघडा सांगतं. कौतुकच आहे. पण त्याच पोराला विचारलं, आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती कधीची रे, तर गप्प. १२०४ सालचं जैन मंदिर ते, रट्ट राजांच्या काळातलं, छताला ७२ पाकळ्यांचं दगडी कमळ आहे, आणि हे पोरगं अजून आत गेलेलंच नाही!

म्हणून मंडळांना सांगायचंय की वर्गणीतला थोडा हिस्सा खऱ्या किल्ल्याला द्या. कुणाच्या हातात रोख द्यायची गरज नाही, केंद्र सरकारचा राष्ट्रीय संस्कृती निधी १९९६ पासनं आहे, कुठल्या वास्तूसाठी पैसे द्यायचेत ते देणगीदाराला सांगता येतं, आणि जुन्या कर पद्धतीत रिटर्न भरणाऱ्याला त्या देणगीवर पूर्ण सूट मिळते. आमच्या व्यापारी लोकांना हे सांगितलं की लगेच कान टवकारतात, असू दे, पैसे तर येतील.

पैसे नसतील तर रविवारचे दोन तास द्या, पण आधी पुरातत्त्व खात्याला विचारून. हे मी ठेच लागून सांगतोय. दोन वर्षांमागं आम्ही दहा-बाराजण खानापूरकडच्या एका पडक्या गढीवर श्रमदानाला गेलो, भिंतीत पिंपळ उगवलेला, चौघांनी धरून जोर लावला, पिंपळ आला आणि मुळाबरोबर हंड्याएवढा दगड पण खाली आला, माझ्या पायापासनं वीतभर लांब पडला. गावातला एक म्हातारा गवंडी बघत उभा होता, म्हणाला, "ओढायचं नसतं ओ पावणं, बुडातनं कापायचं, मूळ आतच मारायचं." दगड गेला तिथं अजून भगदाड आहे, पावसाळ्यात तिकडं गेलो की मान खाली घालूनच पुढं जातो.

तसंच सिमेंट आणि ऑईल पेंटचं. चुन्यातल्या जुन्या भिंतीला सिमेंट फासलं की आतली ओल बाहेर पडत नाही आणि दगड फुगून सुटायला लागतो. वर मंडळाचं नाव रंगवायची हौस असेल तर १९५८ चा कायदा बघून घ्या, संरक्षित वास्तू विद्रूप केली तर दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यापेक्षा प्लास्टिक वेचा, गवत काढा. आणि ते माईकवालं पोरगं आहे ना, त्याला परवानगी काढून महिन्यातनं एक रविवार बस्तीपाशी उभं करा, मराठी, कन्नड दोन्हीत बोलतं ते, पाहुण्यांना चार गोष्टी सांगू दे.

आमच्या गल्लीनं यंदा पावती पुस्तकात किल्ल्यासाठी वेगळा रकाना काढलाय. पहिली पावती माझ्याच नावची फाडली, ५०१ रुपये, त्या दगडाची भरपाई म्हणून.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव