नॉमिनी हा मालक नव्हे, हे अर्जावरच छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बँकेतील ठेवींसाठी एकाऐवजी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करण्याची मुभा १ नोव्हेंबर २०२५ पासून मिळाली आणि त्या प्रत्येकाच्या नावापुढे टक्केवारी लिहिण्याची सोयही झाली. ठेवी बेवारस पडून राहू नयेत हा त्यामागचा हेतू चांगला आहे. परंतु नावापुढे ‘४० टक्के’ किंवा ‘६० टक्के’ असे लिहिताना सही करणाऱ्याला आपण मृत्युपत्रच करत आहोत असे वाटणार, आणि ज्याचे नाव लिहिले त्याला तर तसे वाटणारच, अशी मला रास्त भीती वाटते. पुण्यातील ४२ सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव म्हणून अनेक वर्षे काम करताना या गैरसमजाने एक घर कसे मोडले, हे मी जवळून पाहिले आहे आणि त्यात आमच्या समितीचाही दोष होता.

आमच्या एका सभासदांनी नामनिर्देशनाचा अर्ज तीन प्रतींत भरून दिला, तेव्हा त्यात थोरल्या मुलाचे नाव घातले, कारण तो त्यांच्याजवळ राहत होता आणि नंतरची धावपळ त्यालाच करावी लागणार होती. पत्नी आधीच निवर्तली होती आणि मुलगी लग्नानंतर साताऱ्याला होती. २०२१ मध्ये ते गेले. मुलाने मृत्यूचा दाखला आणि मूळ शेअर सर्टिफिकेट, म्हणजे संस्थेतील सभासदत्वाचा कागद, आणून दिले, आणि आम्ही वर्षानुवर्षांच्या रिवाजाप्रमाणे सर्टिफिकेटच्या पाठीमागे त्याचे नाव चढवले. चार महिन्यांनी तो सदनिका विकण्यासाठी ना हरकत दाखला मागायला आला, तेव्हा कुठे बहिणीला हे कळले. ती कार्यालयात आली, खुर्चीत बसली आणि तिने एवढेच विचारले, “काका, बाबांनी घर दादाला दिलं असं यात कुठे लिहिलंय?” मी कपाटातून तो अर्ज काढला आणि तिच्यासमोर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. दिले, बक्षीस केले, मालकी राहील, यांपैकी एकही शब्द त्यात नव्हता. तोपर्यंत मी असे शेकडो अर्ज दाखल करून घेतले होते, पण एकही नीट वाचला नव्हता.

वास्तविक कायदा याबाबत संदिग्ध नाही. विमा पॉलिसीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच सांगितले की नॉमिनीने पैसे स्वीकारायचे, परंतु ते वारसा कायद्याप्रमाणे ज्यांचे आहेत त्यांचेच राहतात. बँक ठेवींबाबत तोच निर्वाळा २०१० मध्ये आला. कंपन्यांचे शेअर आणि म्युच्युअल फंड यांच्याविषयी मात्र काही काळ गोंधळ होता, कारण मुंबई उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने २०१० मध्ये नॉमिनीला मालकी मिळते असा निर्णय दिला होता. तो २०१६ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने चुकीचा ठरवला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. घराघरांत भिंतीवर असणाऱ्या ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मिळकतीसंबंधीचा तो वाद होता. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलेले होते, तरीही म्युच्युअल फंडावरील नामनिर्देशनाचा अर्थ लावण्यासाठी प्रकरण दिल्लीपर्यंत जावे लागले. जिथे सगळे कागद होते तिथे ही स्थिती, तर ज्यांच्याकडे केवळ एक भरलेला अर्ज आहे त्यांचे काय होत असेल?

गृहनिर्माण संस्थांपुरते बोलायचे तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये स्वतंत्र प्रकरण घालून नॉमिनीला केवळ तात्पुरता सभासद करून घ्यावे, वारस किंवा मृत्युपत्राने हक्कदार ठरलेली व्यक्ती सभासद होईपर्यंतच, असे स्पष्ट केले आहे. आम्हाला २०२१ मध्ये ही तरतूद ठाऊकच नव्हती. अनेक सोसायट्यांचे सचिव माझ्यासारखेच नोकरीतून निवृत्त झालेले, हौसेने काम करणारे लोक आहेत आणि त्यांच्या हाती लाखो-कोट्यवधींच्या मिळकतींचे कागद असतात. विम्याच्या बाबतीत मात्र २०१५ च्या दुरुस्तीनुसार पती, पत्नी, आई-वडील किंवा मुले यांचे नामनिर्देशन असेल तर रक्कम त्यांच्या हक्काची होते. हा अपवाद लोकांना ठाऊक होतो आणि मग तोच नियम सगळीकडे लावला जातो.

आपल्याकडे ही समजूत मुरलेली आहे. गावाकडे सातबाऱ्यावर थोरल्या भावाचे एकट्याचे नाव आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे असतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे सर्वांच्या वतीने जमीन सांभाळणारा, एवढाच त्याचा अर्थ. दोन पिढ्या उलटल्या की अक्षरांचा अर्थ विसरला जातो, फक्त नाव उरते आणि बहिणी-धाकटे भाऊ वाटपाचे दावे लढत बसतात. दुसऱ्याचे आपल्या ताब्यात आले की त्याचा हिशेब द्यावा लागतो, हे विश्वस्ताचे कर्तव्य नॉमिनीला लागू आहे, कुटुंबाच्या कर्त्याला लागू आहे आणि वडिलांच्या पश्चात भावंडांचे शेअर एकट्याच्या नावावर सांभाळणाऱ्यालाही लागू आहे. पण हे त्याला कोणीही सांगत नाही.

म्हणून माझी रिझर्व्ह बँक, शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी आणि राज्याचे सहकार आयुक्त यांना विनंती आहे, की नामनिर्देशनाच्या प्रत्येक अर्जावर, सहीच्या जागेच्या अगदी वर, ठळक मराठीत एक वाक्य सक्तीने छापावे: ‘नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम अथवा मिळकत कायदेशीर वारसांच्या वतीने विश्वस्त म्हणून स्वीकारेल; कायद्याने वेगळे म्हटले नसेल तर ती तिची मालक होणार नाही.’ त्याखाली हेही लिहावे, की मालकी द्यायची असल्यास मृत्युपत्र करावे. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात, हे आजही निम्म्या लोकांना खरे वाटत नाही. सोसायट्यांनी नॉमिनीचे नाव चढवण्यापूर्वी माहीत असलेल्या प्रत्येक वारसाला पत्र पाठवावे. छोट्या जाहिरातींच्या पानावर हरकती मागवणारी नोटीस साताऱ्यातल्या लेकीच्या नजरेस पडेलच असे नाही.

आमच्या सोसायटीतील त्या सदनिकेला आज मनाई हुकुमामुळे कुलूप आहे, वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात चालू आहे आणि देखभाल खर्चाची थकबाकी दर तिमाहीला वाढते आहे. मागच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आम्ही वरील वाक्याचा एक रबरी शिक्का करून घेतला आणि जुने सगळे अर्ज सभासदांना दाखवून त्यावर तो उमटवला. शिक्का वाचल्यावर सात जणांनी आपले अर्ज परत मागून घेतले. त्यांतील एक आजी म्हणाल्या, “मला तर वाटलं होतं, सगळं आवरून ठेवलंय.” दुसऱ्या दिवशी त्या मृत्युपत्रासाठी साक्षीदार व्हाल का, असे विचारायला माझ्या दारात उभ्या होत्या.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे