बोर्ड घेण्याआधी

मालाड (पश्चिम), मुंबई
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. स्टँड-अप पॅडलबोर्डिंग, म्हणजे बोर्डावर उभे राहून वल्हे मारत पाण्यावर फिरणे, शिकायचे ठरवून तू पाच बोर्डांची छायाचित्रे पाठवली आहेस आणि त्यांतला कोणता घेऊ असे विचारले आहेस. पाचही देखणे आहेत, पण त्यांतले तीन तुझ्या काहीच कामाचे नाहीत. का ते फोनवर सांगत बसलो तर आपले बोलणे नेहमीप्रमाणे चौथ्या मिनिटाला क्रिकेटवर जाईल, म्हणून लिहायला बसलो आहे.

फायबरचे जे दोन कडक बोर्ड आहेत ते आधी बाजूला काढ. पाण्यावर ते अधिक वेगाने सरकतात हे खरे आहे, परंतु साडेदहा फुटांची वस्तू तुझ्या तिसऱ्या मजल्यावर कशी जाणार? तुमच्या लिफ्टमध्ये फ्रीजदेखील मावला नव्हता आणि तो जिन्याने चढवताना एक टोक मी धरले होते, हे मी अजून विसरलेलो नाही. मुंबईत राहणाऱ्या माणसाने हवा भरायचाच बोर्ड घ्यावा. तो गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत बसतो, पलंगाखाली राहतो आणि गर्दीची वेळ टळली की लोकलमधूनही नेता येतो. हवेचा म्हणजे खेळण्यातला, असा समज करून घेऊ नकोस. त्याच्या वरच्या आणि खालच्या थरांना आतून पॉलिएस्टरच्या हजारो धाग्यांनी एकमेकांशी बांधलेले असते, त्यामुळे कितीही हवा भरली तरी तो गादीसारखा फुगत नाही, फळीसारखा सपाट आणि ताठ राहतो.

तिसरा बोर्ड, ज्याची किंमत पाहून तुझा जीव त्याच्यात अडकला आहे, तो चार इंच जाडीचा आहे. माझा पहिला बोर्ड तसाच होता. त्यावर उभा राहिलो की तो मधोमध वाके, दोन्ही टोके वर येत आणि द्रोणातल्या शिऱ्यासारखा मी मधल्या खळग्यात बसे. जाडी सहा इंच हवी. सहा इंची बोर्डाचे घनफळ तीनशे लिटरच्या आसपास असते आणि एक लिटर घनफळ साधारण एक किलो भार तोलते, तेव्हा तुझे ८६ किलो वजन, पाण्याची बाटली आणि डबा धरूनही बुडण्याचा प्रश्न उरत नाही. नवख्या माणसाचा प्रश्न बुडण्याचा नसतोच, डगमगण्याचा असतो, आणि तो रुंदीने सुटतो. म्हणून उरलेल्या दोहोंपैकी १० फूट ६ इंच लांब आणि ३३ इंच रुंद असलेला निळा बोर्ड घे. दुसरा साडेबारा फुटी आणि जेमतेम अठ्ठावीस इंच रुंद आहे; तो लांबवर जाणाऱ्यांसाठी आहे आणि पहिले दोन महिने तो तुला पाण्यावर कमी, पाण्यात जास्त ठेवील.

बोर्डासोबत येणारा पंप मात्र नीट पाहून घे. हवेचा दाब १५ पीएसआयपर्यंत न्यायचा असतो. गाडीच्या टायरच्या मानाने हा आकडा निम्माच, परंतु हाताने भरताना शेवटचे चार-पाच पीएसआय मुंबईच्या दमट हवेत अक्षरशः घाम काढतात. पंप वर ओढताना आणि खाली दाबताना, दोन्ही वेळा हवा भरणारा असावा आणि शेवटी एकेरी करता यावा. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. व्हॉल्व्हच्या मध्यभागी एक छोटी खुंटी असते, ती दाबून फिरवली की वर किंवा खाली राहते. हवा भरताना ती वर असावी लागते. हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्या दिवशी मार्वेला मी पंधरा मिनिटे पंप मारला, मोठ्या अभिमानाने नळी काढली आणि सगळी हवा एका दमात फुस्स करून बाहेर गेली. शेजारी बोंबील वाळत घालणाऱ्या दोन मावशी हातातले काम सोडून हसत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "भाऊ, आता परत भर, सकाळ लई मोठी आहे."

वल्ह्याविषयी थोडक्यात. त्याची लांबी आपल्या उंचीपेक्षा वीसेक सेंटिमीटर अधिक असावी, म्हणजे तुला दोन मीटर पुरे; लांबी कमी-जास्त करता येणारे घेतलेस तर वहिनींनाही चालेल. मिनिटाला तीस-चाळीस वेळा ते उचलावे लागते, म्हणून हलके वल्हे तासाभरानंतर खांद्याला कळते, परंतु कार्बनचे वल्हे घेण्याची घाई करू नकोस. फायबरग्लासचे घे आणि वाचलेले पैसे पुढच्या दोन वस्तूंवर खर्च कर. वल्ह्याचे पाते दांड्याशी किंचित कोन करून बसवलेले असते. तो कोन पुढच्या बाजूला, म्हणजे आपल्यापासून दूर झुकलेला असायला हवा. जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा ते उलटे धरतो. तूही धरशील.

त्या दोन वस्तू म्हणजे तरंगायचे जॅकेट आणि लीश, म्हणजे आपल्याला बोर्डाशी बांधून ठेवणारा दोर. या दोहोंबाबत माझे ऐकच, कारण हे मी चिखलात गुडघ्यापर्यंत रुतून शिकलो आहे. गेल्या वर्षी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, भरपूर पाणी असेल म्हणून मी भर दुपारी साडेबारा वाजता मनोरीच्या खाडीत उतरलो. तासभर सगळे झकास होते. मग ओहोटीचा जोर जाणवू लागला. मोठ्या उधाणाला आपल्याकडे पाणी चार मीटरहून अधिक चढते आणि उतरते, आणि ते सगळे पाणी खाडीच्या अरुंद तोंडातून बाहेर पडू लागले की वल्हे मारूनही काठावरची झाडे जागची हलत नाहीत. त्यातच समोरून, समुद्राकडून, दुपारचा खारा वारा सुटला. पाणी बाहेर आणि वारा आत, अशा वेळी जी उभी, आखूड लाट उठते तिच्यावर उभे राहणे मला जमले नाही. मी पडलो, वल्हे हातात राहिले आणि बोर्ड लीशने जवळ राहिला. लीश नसती तर तो वाऱ्यावर एकीकडे आणि मी ओहोटीबरोबर दुसरीकडे गेलो असतो. बोर्डावर पालथा पडून हातांनी पाणी मारत मी तिरका काठाला लागलो. खडकावरच्या कालवांनी तळपायाला केलेली जखम तीन आठवडे भरली नाही.

म्हणून जॅकेट तुझ्या छातीच्या मापाचे, पट्टे आवळल्यावर खांद्यावरून वर न सरकणारे घे आणि ते बोर्डावर ठेवू नकोस, अंगात घाल. लीशच्या बाबतीत, तलावात पायाला बांधायची गुंडाळीची लीश चालते. खाडीत मात्र जाळ्यांचे खुंट आणि नांगरलेल्या होड्या असतात, दोर त्यांत अडकला आणि प्रवाह जोराचा असला तर घोट्यापर्यंत हात पोहोचत नाही. तेथे कमरेच्या पट्ट्याची, एका झटक्यात सुटणारी लीश लागते. ती वेगळी विकत घ्यावी लागेल, बोर्डासोबत येत नाही. बोर्डाच्या तळाला लागणाऱ्या फिनच्या, म्हणजे त्याला सरळ ठेवणाऱ्या कल्ल्यासारख्या पात्याच्या, जोडीला एक आखूड फिनही घेऊन ठेव, उथळ पाण्यात लांब फिन गाळात घासते.

त्या दुपारी मी जे पाहिले नव्हते ते कोळीवाड्यातले पोरही तोंडी सांगते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सुमारे सहाला पूर्ण भरती. प्रतिपदेला पाऊण वाजता, म्हणजे मी साडेबाराला उतरलो तेव्हा ओहोटी पंधरा मिनिटांवर उभी होती. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याची ये-जा कमी असते आणि ओढही सौम्य राहते. आपल्यासारख्यांसाठी सप्तमी ते दशमीच्या सकाळी उत्तम. तेव्हाही मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे ढकलत असतो, म्हणून खाडीच्या तोंडाकडे न जाता आतल्या अंगाला राहावे. दहा वाजायच्या आत बाहेर यावे आणि जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत बोर्ड पलंगाखालून काढूच नये. पवई तलाव तुला जवळ पडतो हे मला ठाऊक आहे, परंतु तेथे मगरी आहेत, तो विचार सोड.

घरी आल्यावर बोर्ड गोड्या पाण्याने धुवावा लागतो आणि सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळता येत नाही, नाहीतर बुरशीचा वास धरतो. आमच्याकडे पाणी सकाळी तासभरच येत असल्याने या दोन बादल्यांवरून दर रविवारी वाद होतो. तुझ्याकडे काय होईल ते तुझे तू पाहा.

विकत घेण्याआधी एकदा माझ्या बोर्डावर उभा राहा. २४ तारखेला कार्तिक वद्य नवमी आहे आणि रविवारही आहे. भरती पावणेसातच्या सुमारास, उजाडताना. तू सव्वासहाला मार्वेला जेट्टीपाशी ये, तोवर मी हवा भरून ठेवतो. आधी गुडघ्यांवर बसूनच वल्हव. उभे राहताना नजर पायांकडे नको, पलीकडच्या काठावर ठेव आणि तोल गेलाच तर बोर्डापासून दूर, पाण्यावर आडवा पड, उभा उडी मारू नकोस. जॅकेट तुझ्या मापाचे तूच आण, माझे तुला होणार नाही. जुने, नाडीचे बूट घालून ये. गेल्या वर्षीची माझी एक चप्पल अजून मनोरीच्या चिखलात आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश