फुर्टवेंग्लरचा संच परत घ्या, 'स्वच्छ आवाज' तुम्हालाच लखलाभ

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी, आणि त्यांच्यावर कोणी असतील तर तेही

विषय: जर्मन वाद्यवृंद-संचालक फुर्टवेंग्लर यांच्या 'ऐतिहासिक लाइव्ह' सीडी संचाचे पूर्ण पैसे परत मिळणेबाबत

तुमच्या ग्राहक सेवेशी बोलणं आत्ताच संपलं. म्हणजे तिकडून फोन ठेवला गेला. म्हणून आता लेखी.

संच तुमचाच आहे, त्यात काय आहे हे मी सांगायला नको. तिसऱ्या सीडीवर व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची डिसेंबर 1944ची इरॉइका, म्हणजे बीथोव्हेनची तिसरी सिंफनी, आहे. इरॉइका ई-फ्लॅट मेजरमधली, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी दोन. तुमच्या सीडीवर ती पांढरी तीनला जाऊन टेकली आहे. पेटी लावून पाहिली, ट्यूनर लावून पाहिला, शेजाऱ्यांच्या प्लेअरवरही वाजवली. सूर चढा आणि लयही धावती. टेप जास्त वेगाने फिरवून उतरवली की असंच होतं, आणि विकायच्या आधी कोणीतरी ती एकदा ऐकली की कळतं. ऐकली नाही, हे उघड आहे.

हीच इरॉइका 1953 साली युरेनिया या रेकॉर्ड कंपनीने एलपीवर काढली होती, तीही अशीच चढ्या सुरात. न विचारता काढली म्हणून फुर्टवेंग्लर स्वतः कोर्टात गेले. त्या एलपीची ही खोड रेकॉर्ड जमवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते, आणि पुढच्या चांगल्या आवृत्त्यांत ती दुरुस्तही झाली. तुमच्या खोक्यावर मात्र सोनेरी अक्षरांत 'मूळ टेपवरून नव्याने'. कुठली मूळ टेप? जुन्या एलपीवरून उतरवलं असेल तर तसं छापा आणि साडेनऊ हजारांतले निम्मे कमी करा.

आता तो फोन. सुरुवातीला एक मुलगी होती, बोलायला अतिशय नम्र. मी म्हटलं, सूर चढा आहे. ती म्हणाली, "सर, व्हॉल्यूम थोडा कमी करून बघता का?" मी शांतपणे समजावलं. मग टायपिंगचा आवाज, मग, "सर, सिस्टीममध्ये आर्टिस्ट बीथोव्हेन दिसतायत. प्रॉडक्ट ओरिजिनलच आहे." मी म्हटलं, अहो, बीथोव्हेन 1827 साली वारले, ते वाजवणार कुठून? पुन्हा टायपिंग. "ओके सर. ऐकून वाईट वाटलं."

तिच्यावर माझा राग नाही. तिला कोणी काही शिकवलेलंच नाही. राग आहे तो तिच्या साहेबांवर. हे गृहस्थ लाइनवर आले ते जांभई देतच, आणि म्हणाले, "काका, युद्धाच्या वेळचं रेकॉर्डिंग आहे ना? त्या काळी आवाज असाच यायचा."

असाच यायचा! साहेब, त्या काळी जर्मन रेडिओकडे मॅग्नेटोफोन, म्हणजे टेपवर आवाज उतरवणारं यंत्र, होता, बाकीच्या जगाकडे नव्हता. यातल्या बर्लिनच्या कित्येक टेप 1945मध्ये सोव्हिएत सैन्याने मॉस्कोला नेल्या, त्यांच्या प्रती 1987मध्ये बर्लिनला परत आल्या, आणि त्या ऐकून लोक थक्क झाले ते आवाज 'असाच यायचा' म्हणून नव्हे. दोष 1944चा नाही, तुमच्या स्टुडिओतला आहे. हे सगळं मी सांगत असताना साहेब मधेच म्हणाले, "काका, त्यापेक्षा दुसऱ्या कोणाची तीच सिंफनी पाठवू का? नवीन आहे, एकदम क्लिअर." भीमसेन जोशींची मैफल मागणाऱ्याला राग तोच आहे म्हणून दुसऱ्या कोणाचंही गाणं पाठवाल का? पाठवाल. आता खात्रीच आहे.

'क्लिअर'वरून आठवलं. बीथोव्हेनचीच नववी सिंफनी, मार्च 1942ची, बर्लिन फिलहार्मोनिक. खरखर काढता काढता तुम्ही सुरुवातच काढून टाकली आहे. हॉर्न आणि दुसरी व्हायोलिनं अगदी हळू जिथे सुरू होतात, तिथे तुमच्या सीडीवर शांतता, आणि मग एकदम कोणीतरी दार उघडल्यासारखा वाद्यवृंद आत येतो. श्रोत्यांचे खोकले गेले, सभागृहाची हवा गेली, शेवटच्या टाळ्याही कापल्या. मग 'लाइव्ह' उरलं ते फक्त खोक्यावर.

जर्मनीतल्या बायरॉइटच्या महोत्सवातली, 29 जुलै 1951ची नववी. ईएमआय कंपनीने 1955मध्ये काढलेली आणि बव्हेरियन रेडिओच्या टेपवरून 2007मध्ये आलेली, या दोन्ही सारख्या नाहीत. 2021मध्ये स्वीडिश रेडिओकडची प्रतही बाहेर आली. तुम्ही यातली कुठली घातलीत? पुस्तिकेत याबद्दल एक ओळ नाही. त्या जागी मेणबत्तीचा फोटो आहे. बर्लिनच्या टिटानिया पालास्ट सभागृहातल्या 1947च्या पाचव्या सिंफनीला खोक्यावर 27 मे आणि आत 25 मे. दोन्ही दिवशी मैफल झाली होती, म्हणून तर विचारतोय, ही कुठली?

आणि इरॉइकाचा सूर चढा आहे. पुन्हा लिहितो, कारण तुमच्या तक्रार नोंदीत 'ग्राहकाला आवाज मोठा वाटतो' असं लिहिलेलं मला मेसेजमध्ये आलं आहे.

वाईट याचं वाटतं की एकेकाळी तुमच्याच एलपींच्या पाठीमागचा मजकूर वाचून मी हे संगीत ऐकायला शिकलो. सभागृह, तारीख, वाद्यवृंद, सगळं चोख असायचं. तो मजकूर लिहिणारी माणसं कुठे गेली?

ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे या पत्राची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन, पेटी घेऊन जाईन, आणि काळी दोन तिथेच वाजवून दाखवीन. संच न्यायला माणूस तुमच्या खर्चाने पाठवा.

एक ग्राहक (शेवटचा महिना),
पुणे

ता. क. साहेबांनी 'रिलॅक्सिंग क्लासिकल'चं वीस टक्के सवलतीचं कूपन पाठवलं आहे. ते रद्द करावं.