ती कट्यार आहे, खंजीर नव्हे

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत तंजावरच्या जुन्या शस्त्राचा फोटो छापून खाली 'दक्षिण भारतीय खंजीर' असे लिहिले आहे. फोटो सुरेख, पण ती कट्यार आहे. खंजिराची मूठ पात्याच्या रेषेत असते. कट्यारीला दोन समांतर दांड्या आणि त्यांच्यामध्ये आडवी मूठ. मूठ आवळली की पाते मनगटाच्या सरळ पुढे येते, वार ठोशासारखा बसतो. फोटोत मुठीवर शिंपल्यासारखे पोलादी आवरण आहे, ते हाताची मागची बाजू झाकते. ही खास दक्षिणेची घडण, विजयनगर-तंजावरकडची.

पण मला लिहावेसे वाटले ते पात्यामुळे. मुलीकडे चेन्नईला गेलो होतो, तेव्हा एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात तंजावरच्या कट्यारी काचेला नाक लावून पाहिल्या. (पहारेकरी दोनदा खाकरला.) अशा कित्येक कट्यारींचे पाते इथले नसते. युरोपातून आलेली तलवार, जिला मराठीत 'फिरंग' म्हणतात, ती कापून तिचा तुकडा मुठीच्या पट्ट्यांत रिव्हेटने बसवलेला असतो. लांब तलवारीच्या खाचा तशाच पात्यावर धावत येतात. अशी पाती पोर्तुगीज व्यापारातून दक्षिणेत पोचली. गोव्याच्या वाचकाला नेमके हेच सांगायला हवे होते, आणि तेच राहून गेले.

माझे वडील म्हार्दोळला लोहारकाम करत. ट्रकच्या स्प्रिंगचा तुटका पाटा आणून त्याचा कोयता घडवत. "बरें पोलाद, उडोवचें कित्याक?" (चांगले पोलाद, टाकायचे कशाला?) एवढेच त्यांचे म्हणणे. तंजावरच्या कारागिरानेही परदेशी पाते तसेच कामाला लावले. फरक इतकाच की मुठीवर त्याने याळी (मंदिरांत दिसतो तो सिंहासारखा काल्पनिक प्राणी) आणि मोर कोरले. आमच्या कोयत्याला साधी लाकडी मूठ.

१६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले, १८५५ मध्ये ते इंग्रजांनी खालसा केले. पुढे राजवाड्यातल्या शस्त्रागाराचा बराच भाग मोडून भंगाराच्या भावात गेला. निवडक नग तेवढे मद्रासच्या संग्रहालयात पोचले. तंजावर म्हटले की आपण सरस्वती महाल ग्रंथालयाच्या पोथ्यांपाशी थांबतो, लोखंडाकडे कुणी बघत नाही.

दुरुस्ती छापावी ही विनंती. आणि पुन्हा कट्यारीचा फोटो घ्याल तेव्हा पात्याचा जोड दिसेल असा घ्या, रिव्हेट मोजता आले पाहिजेत.

आपला वाचक,
निवृत्त आयटीआय शिक्षक (फिटर), फोंडा