तुंबणारी ड्रेनेज लाइन आणि झाकलेली चेंबर्स : सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य

विषय : ए विंगच्या सामाईक ड्रेनेज लाइनचा खर्च आणि चेंबर्सपर्यंतची वाट

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात पुन्हा आमच्या नहाणी ट्रॅपमधून (न्हाणीघराच्या जमिनीतल्या निचऱ्याच्या तोंडातून) वरच्या मजल्यांचं सांडपाणी घरात आलं. सासूबाई वॉकर घेऊन चालतात. त्यांना त्या घाणीतून बाहेर काढावं लागलं. तक्रार केली तेव्हा सफाईचा खर्च तळमजल्यावरच्या सभासदांनी आपसांत वाटून घ्यावा, असं तोंडी उत्तर मिळालं. ते मला मान्य नाही, म्हणून हे लेखी देत आहे.

गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींत (नियमावलीत) ही खर्चाची वाटणी स्पष्ट आहे. घरातल्या संडास-सिंकची गळती सभासदाने स्वतःच्या खर्चाने काढायची. बाहेरचे सामाईक पाइप, ड्रेनेज लाइन, सेप्टिक टँक ही सोसायटीची जबाबदारी. त्यासाठीच तर प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान 0.75 टक्के रक्कम दुरुस्ती व देखभाल निधीसाठी आकारायची असते. तुंबलेली लाइन डक्टमधल्या (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतल्या) उभ्या पाइपच्या पुढे, जमिनीखाली आहे. तिच्यातून सगळ्या मजल्यांचं पाणी जातं आणि अडलं की सर्वांत खालच्या तोंडातून वर येतं. ते तोंड आमच्या घरात आहे, एवढ्यावरून खर्च आमचा ठरत नाही.

पण मला खर्चापेक्षा जास्त काळजी वाटेची आहे. लाइन जिथे वळते किंवा दुसरी लाइन येऊन मिळते तिथे चेंबर बांधतात, ते रॉड किंवा जेटिंगचा (जोरदार दाबाच्या पाण्याने लाइन साफ करण्याचा) पाइप आत घालता यावा म्हणूनच. आपल्याकडे एक चेंबर पेव्हर ब्लॉकखाली गेलं आहे, दुसरं शेजारच्या बागेतल्या फरशीखाली, आणि डक्टच्या दारासमोर जुनं कपाट उभं आहे. प्लंबर आला तो अंदाजाने फरशा ठोकत बसला आणि तोवर पाणी आमच्या हॉलपर्यंत आलं. बाग करणाऱ्या सभासदांशी माझं काही वैर नाही. ती झाडं त्यांनी जीव लावून वाढवली आहेत. मात्र ती मोकळी जागा सगळ्या सभासदांची आहे आणि चेंबरचं झाकण कधीही उघडता आलंच पाहिजे. चेंबरला लागून असलेलं मोठं झाड तरी हलवावं, कारण मुळं पाइपच्या सांध्यांतून आत शिरतात. समितीला पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणी करता येते, तशी ती सगळ्यांकडे करावी. आमचं दार त्यासाठी उघडं आहे.

गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा एक पाइपही सांडपाण्याच्या चेंबरला जोडलेला दिसतो. तो पावसाळ्याआधी वेगळा करावा.

आणखी एक गोष्ट मला गप्प बसू देत नाही. मागच्या वेळी ठेकेदार म्हणाला, "पोराला खाली उतरवतो, स्वस्तात होईल," आणि कुणीच त्याला अडवलं नाही. चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड साचतो. तो जास्त झाला की नाकाला वाससुद्धा येईनासा होतो आणि माणूस जागीच कोसळतो. डिसेंबर 2019 मध्ये गोवंडीत एका खासगी सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये उतरलेले तीन कामगार गेले. त्यांच्या पत्नींना भरपाईसाठी उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा 2021 मध्ये प्रत्येकी 10 लाख रुपये देण्याचा आदेश झाला. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी ही रक्कम 30 लाख केली. हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानुसार सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा नसता तरी आपल्या घाणीसाठी कुणाच्या मुलाचा जीव धोक्यात घालायला माझी संमती नसती. काम जेटिंग मशीननेच करून घ्यावं आणि ठेकेदाराच्या करारात तशी अट लिहावी.

मंजूर ड्रेनेज नकाशा सोसायटीच्या दप्तरात असेल तर त्याची प्रत नोटीस बोर्डावर लावावी, नसेल तर महापालिकेकडून मागवावी. त्यावरून सगळी चेंबर्स शोधून त्यांची झाकणं जमिनीच्या पातळीला आणावीत. येत्या समिती बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि झालेला निर्णय मला लेखी कळवावा. बैठकीला बोलावल्यास मी हजर राहीन. बागवाल्या सभासदांनाही बोलवावं, म्हणजे समोरासमोर बोलता येईल.

आपली विश्वासू,
सभासद, ए विंग, तळमजला