उतारा न समजताही पैकीच्या पैकी : शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय शिक्षणमंत्री,

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी यंदा दहावीला आहे, मराठी माध्यमात. गेले कित्येक महिने रोज रात्री आम्ही दोघी इंग्रजीचा एक सराव पेपर घेऊन बसतो, ती सोडवते आणि मी तपासते. मार्क कमी पडतात म्हणून बसतो असं नाही, तिला मार्क चांगले आहेत, व्याकरणात तर जवळपास पूर्ण, उताऱ्यातही एखाददुसराच जातो. पण मार्क येतात आणि इंग्रजी येत नाही हे मी रोज समोर बसून बघतेय, आणि यात पोरीची काही चूक नाहीये, पेपरच तसे काढले जातात, म्हणून हे पत्र तुम्हाला.

झालं असं की एकदा तिने एका उताऱ्यावरचे पाचही प्रश्न बरोबर सोडवले. मी सहज म्हटलं, आता वही मिट आणि यात काय होतं ते मला मराठीत सांग. कोणाबद्दल होतं तेवढं सांगितलं आणि पुढे गप्प. मला वाटलं दमली असेल. पण मनात ते राहिलंच, म्हणून दुसऱ्या दिवशी मी कागदावर दोन वाक्यं लिहिली ज्यांना कसलाच अर्थ नव्हता, शब्द मीच बनवलेले. ‘द मिम्बल वॉज ग्रॅफिंग इन द टोर्क. इट हॅड थ्री सिल्वी पॉन्ट्स.’ खाली दोन प्रश्न. व्हेअर वॉज द मिम्बल ग्रॅफिंग? हाऊ मेनी पॉन्ट्स डिड इट हॅव? तिने पेन उचललं आणि मिनिटभरात लिहून मोकळी : ‘द मिम्बल वॉज ग्रॅफिंग इन द टोर्क. इट हॅड थ्री सिल्वी पॉन्ट्स.’ एक चूक नाही. मी विचारलं, मिम्बल म्हणजे काय गं? तिने परत वरून वाचलं, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, हा शब्द आम्हाला अजून आला नाहीये. मी जेव्हा सांगितलं की असा शब्दच नाहीये तेव्हा तिचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं, कारण ती काही कामचुकार नाहीये हो, जे विचारतात ते ती अगदी मन लावून करते.

तिला शिकवलंच असं जातं. आधी प्रश्न वाचा, उतारा नंतर. प्रश्नातला व्हेअर, व्हेन काढून टाका, उरलेले शब्द उताऱ्यात जिथे दिसतील ती ओळ उचला. आणि प्रश्नही उताऱ्याच्याच क्रमाने येतात, पहिल्याचं उत्तर पहिल्या परिच्छेदात, शेवटच्याचं शेवटी, म्हणजे शोधायलासुद्धा फार लागत नाही. शाळेत हेच, क्लासला हेच, गाईडमध्ये हेच. आणि मी कोणाला नावं ठेवणार, पेपर तसाच येतो म्हटल्यावर शिक्षक तसंच शिकवणार, त्यांना मुलांचे मार्क वर दाखवायचे असतात.

१९८६ मध्ये गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी वाचनाचा एक अगदी साधा हिशोब मांडला. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले ती भाषा कळणं. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे दोन्हीतलं एक शून्य असलं की उत्तर शून्यच. माझी मुलगी इंग्रजीचा उतारा खडाखडा वाचते, उच्चार माझ्यापेक्षा चांगले आहेत, ऐकणाऱ्याला वाटेल काय छान इंग्रजी आहे मुलीचं. आणि गुणाकाराचा दुसरा आकडा किती आहे ते आपल्या परीक्षेत फारसं तपासलं जात नाही, तेच मला खटकतं.

आता व्याकरणाचं बघा. तिच्याकडे ॲक्टिव्ह पॅसिव्हचा तक्ता तोंडपाठ आहे, काळाप्रमाणे कुठलं रूप लावायचं ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. प्रश्न आला, ‘समबडी हॅज स्टोलन माय पेन’ याचं पॅसिव्ह करा. तिने केलं, ‘माय पेन हॅज बीन स्टोलन बाय समबडी.’ बरोबर, पूर्ण मार्क. मी विचारलं की असं वाक्य कधी वापरायचं गं? तर म्हणे, चेंज द व्हॉइस असं विचारलं की. मग मी म्हटलं, तुझं पेन वर्गात हरवलं आणि कोणी घेतलं माहीत नाही, तर घरी येऊन मला काय सांगशील? ‘आई, माझं पेन चोरीला गेलं.’ बघा, चोराचं नावसुद्धा काढलं नाही, कारण चोर माहीत नाही, आणि बोलायचंय ते पेनाबद्दल. इंग्रजीतलं पॅसिव्ह नेमकं याचसाठी आहे, आणि म्हणूनच खरं लिहिणारा माणूस ते ‘बाय समबडी’ लावतच नाही, ‘माय पेन हॅज बीन स्टोलन’ एवढंच. ही गोष्ट तिला मराठीत जन्मापासून येतेय. चोरीला गेलं, मोडलं गेलं, सांगण्यात आलं, हे सगळं ती रोज बोलते. फक्त तिला कोणी कधी सांगितलं नाही की तुला जे येतं त्याचंच हे इंग्रजी आहे. त्या रात्री तिने पाठ्यपुस्तकातला एक धडा काढला आणि पॅसिव्हची वाक्यं शोधून प्रत्येकाला विचारत बसली, इथे करणारा का लपवलाय? कुठे तो माहीत नव्हता, कुठे सांगायची गरज नव्हती, एका ठिकाणी तर चूक कोणाची ते सांगायचं टाळलं होतं आणि ते तिला स्वतःला सापडलं. मला वाटतं ते तिचं पहिलं खरं इंग्रजी वाचन.

आर्टिकलचं तर याहून वाईट आहे, कारण मराठीत आर्टिकल नाहीच, त्यामुळे आपल्या मुलांना ते मुळापासून शिकावं लागतं. पेपरात सुटं वाक्य येतं, ‘डॅश मॅन वॉज वेट’, रिकाम्या जागी अ, ॲन किंवा द भरा. आता मला सांगा हे कसं ठरवायचं? ‘अ’ पण बसतं, ‘द’ पण बसतं. पण त्याच्या आधी ‘अ मॅन केम टू द डोअर’ असं वाक्य असेल तर मग ‘द मॅन वॉज वेट’ हे लगेच कळतं, कारण माणूस एकदा येऊन गेलाय, आता त्याच माणसाबद्दल बोलतोय. आपण मराठीत नाही का म्हणत, दारात एक माणूस आला, तो माणूस भिजलेला होता. हे ‘एक’ आणि ‘तो’ सांगितलं की मुलगी एका दमात समजली. ‘अवर’ला ॲन लागतं आणि ‘युनिव्हर्सिटी’ला अ, हे आवाजाचे नियम तिला पाठ होते, ते सुट्या वाक्यात विचारता येतात, म्हणून तेवढेच विचारले जातात, आणि जे खरं अवघड आहे ते वाक्यांच्या साखळीशिवाय विचारताच येत नाही म्हणून राहून जातं.

म्हणून माझी पहिली मागणी ही की व्याकरणाचे प्रश्न उताऱ्यातूनच काढायला लावा. वेगळा विभाग, सुटी वाक्यं, खाली दिल्याप्रमाणे बदल करा, हे बंद करा किंवा निदान निम्म्यावर आणा. उताऱ्यातलेच ठराविक शब्द गाळा आणि मुलांना ते भरू द्या. ही काही मी काढलेली आयडिया नाहीये, विल्सन टेलर नावाच्या अमेरिकन माणसाने १९५३ मध्येच ती मांडली, क्लोझ टेस्ट म्हणतात तिला, आणि ती जगभर वापरतात. गाळलेली जागा भरायला मागचं पुढचं वाक्य समजावंच लागतं, नुसता तक्ता पाठ करून भागत नाही. ‘ही वेंट आउट, डॅश इट वॉज रेनिंग’ इथे ‘ऑल्दो’ येणार की ‘बिकॉज’ हे त्याला पाऊस आवडतो का, हे वर वाचल्याशिवाय कळणारच नाही. एका जागेत व्याकरण पण तपासलं गेलं आणि वाचन पण.

दुसरं, आणि यावर बरेच जण चिडतील याची मला कल्पना आहे, उताऱ्यावरचा एखादा तरी प्रश्न असा ठेवा ज्याचं उत्तर मराठीत लिहायची मुभा असेल. समजणं वेगळं आणि इंग्रजीत लिहिता येणं वेगळं, आज आपण दोन्हीला एकच मार्क देतो, आणि मग होतं काय की ज्याला उतारा नीट समजलाय पण स्वतःच्या शब्दात लिहिताना क्रियापद चुकलं त्याचा मार्क जातो, आणि ज्याने न समजता ओळ उतरवली त्याला पूर्ण मिळतो. मुलं हुशार असतात, ती बरोबर ओळखतात कशात धोका आहे. माझ्या मुलीने एकदा स्वतःचं वाक्य लिहिलं होतं, छान होतं, फक्त ‘ही गो’ झालं होतं ‘ही वेंट’च्या जागी, मार्क कापला. त्यानंतर तिने परत कधी स्वतःचं वाक्य लिहिलं नाही. निदान समजलं का या प्रश्नाचे मार्क स्पेलिंग आणि काळावरून कापू नका, लिहिण्याचे मार्क लिहिण्याच्या प्रश्नात बघा.

उतारे कशावर असावेत यावरही कोणीतरी बसून विचार करावा. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली या दोघी अभ्यासकांनी सातवी आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं होतं, आणि ज्या मुलांचं वाचन कच्चं पण बेसबॉल पक्का होता त्यांना ते वर्णन वाचनात हुशार पण बेसबॉल माहीत नसलेल्या मुलांपेक्षा जास्त चांगलं समजलं. म्हणजे विषय माहीत असणं हा वाचनाचाच भाग आहे. मग मुलं विज्ञानात, भूगोलात जे मराठीतून शिकतायत त्यावरचेच उतारे सरावाला का देऊ नयेत? बाष्पीभवन तिला कळलेलंय, त्याचं इंग्रजी वाचताना ती अंदाज बांधू शकते, नवीन शब्द तिथल्या तिथे उलगडतात. परक्याच विषयावरचा परक्याच भाषेतला उतारा दिला की मुलं ओळी उचलणारच.

सरावाबद्दल एक सांगते, कारण घरी आमचं जे बदललं ते यामुळे. आधी आम्ही रोज एक पूर्ण पेपर सोडवायचो, मी लाल पेनाने बरोबर चूक करायचे, बाजूला उत्तर लिहायचे, झालं, पुढचा पेपर. तीच चूक पंधरा दिवसांनी परत. आता आम्ही दहाबारा ओळीच घेतो. ती वाचते, पुस्तक मिटते, मला मराठीत सांगते, मग न बघता इंग्रजीत तीनचार वाक्यं लिहिते, आणि मग पुस्तक उघडून स्वतःच ताडून बघते. चुका एका वेगळ्या वहीत जातात आणि चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी परत विचारल्या जातात. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच दाखवलं होतं, परत परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं पण आठवड्याने, एकदा वाचून मग न बघता आठवणारे पुढे गेले. वेळ तेवढाच लागतो, उलट कमीच. पण हे वर्गात करायचं तर शिक्षकाला प्रत्येक मुलाची वही बघायला वेळ हवा, आणि तपासलेला पेपर मुलाच्या हातात परत यायला हवा, नुसता आकडा नाही. शिक्षकांवरची बाकीची कामं कमी करणं तुमच्या हातात आहे, ते आमच्या हातात नाही.

नमुना प्रश्नपत्रिका बदलली की बाकी सगळं आपोआप बदलतं, गाईड बदलतात, क्लास बदलतात, पालक बदलतात. नवीन पुस्तकं छापायलाच हवीत असंही नाही. प्रश्न काढणाऱ्यांना एवढंच सांगा की प्रत्येक उतारा माझ्या मिम्बलसारखा तपासून बघा, शब्दांचा अर्थ काढून घेतला तरी ज्याचं उत्तर देता येतं तो प्रश्न वगळा.

कालचीच गोष्ट सांगून थांबते. रिपोर्टेड स्पीच चालू होतं. तिच्या मैत्रिणीचा दुपारी फोन आलेला, मी उद्या येते म्हणाली. मी म्हटलं हेच इंग्रजीत सांग मला. तिने सरळ सांगितलं, ‘शी सेड शी विल कम टुमॉरो.’ अगदी बरोबर आहे, कारण फोन आजच झालाय आणि उद्या अजून उद्याच आहे. पण तिच्या तक्त्यात विलचं वुड आणि टुमॉरोचं द नेक्स्ट डे करायचं असतं, कधी सांगितलं कोणाला सांगितलं काही न बघता, आणि शाळेच्या चाचणीत तिचं असंच एक वाक्य चूक धरलं गेलं होतं. तिने मला विचारलं, आई, मग पेपरात काय लिहू, खरं बोलतात ते की तक्त्यातलं?

मी तिला तक्त्यातलं लिही म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी दहावीला बसणाऱ्या मुलांच्या आयांना असं सांगावं लागू नये एवढं बघा.

आपली,
एक आई